पिस्तूल बदललं की नेम का बिघडतो?

प्रश्न : माझी भाची कोल्हापुरात काही वर्षांपासून दहा मीटर एअर पिस्तूल मारते. जिल्ह्यात, राज्यात तिचे गुण चांगले पडतात. गेल्या उन्हाळ्यात प्रशिक्षकांनी तिच्या हातात पंचवीस मीटरचं .२२ पिस्तूल दिलं आणि सगळं फिसकटलं. गोळ्या खाली आणि डावीकडे जातात, कधी तर काळ्या गोलाच्याही बाहेर. आमचे भावजी, म्हणजे तिचे वडील, म्हणतात, "पिस्तूल ते पिस्तूल. मनू भाकर पॅरिसला दोन्ही मारत होती ना? हिचंच लक्ष नाही. आधी मोबाइल काढून घ्या." मला हे पटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही. एक पिस्तूल हातात बसलेलं असताना दुसरं इतकं परकं का व्हावं? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : ताई, मोबाइल काढून घ्यायचा तर जरूर घ्या, पण त्यानं गोळी वर चढणार नाही.

भावजींचं उदाहरण खोटं नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं, सरबज्योत सिंगच्या साथीनं मिश्र सांघिक प्रकारात आणखी एक कांस्य मिळवलं, आणि पाठोपाठ पंचवीस मीटर पिस्तुलात ती चौथी आली. या तिसऱ्या प्रकाराच्या पात्रता फेरीत तिचे ६०० पैकी ५९० गुण होते. पण ही दोन पिस्तुलं तिनं दोन वेगळे खेळ म्हणून वर्षानुवर्षं घोटली आहेत. एक येत होतं म्हणून दुसरं फुकटात आलं, असं तिच्याही बाबतीत झालेलं नाही. आणि एकाच पिस्तुलाला वाहून घेतलं तर काय होतं, याचा दाखला तुमच्या कोल्हापुरातच आहे. राही सरनोबतचं नाव झालं ते पंचवीस मीटरवर. २०१३मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण, मग २०१८मध्ये जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पालेंबांगला झालेल्या त्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची नफास्वान यांगपैबून ३४-३४वर अडकल्या आणि शूट-ऑफवर निकाल लागला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

आता भाचीच्या हातात काय बदललं ते पाहू. वजन नव्हे. दोन्ही पिस्तुलं किलोच्या आसपासच असतात, आणि नव्या माणसाला .२२ "जड" वाटतं ते बहुधा तोल वेगळा असल्यामुळे. एअर पिस्तुलात नळीखाली हवेची टाकी असते, त्यामुळे पिस्तूल पुढच्या बाजूला ओढ घेतं. .२२मध्ये वजनाची मांडणीच निराळी. त्याची सवय लवकर होते, त्यात अडकून पडायला नको.

खरा बदल ट्रिगरचा. नियमानं एअर पिस्तुलाचा ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा १००० ग्रॅमचा. स्पर्धेआधी तेवढं वजन ट्रिगरला अडकवतात आणि नळी आकाशाकडे करून पिस्तूल सरळ वर उचलतात. वजन उचललं जाण्याआधी ट्रिगर सुटला तर ते पिस्तूल तसंच्या तसं रेंजवर नेता येत नाही. कागदावर हा फरक अर्ध्या किलोचा. बोटाला मात्र तो फार मोठा, कारण भाचीच्या तर्जनीनं इतक्या वर्षांत हजारो वेळा एकच गोष्ट पाठ केली आहे: इतका दाब दिला की छर्रा सुटतो. आता ती तितका दाब देते आणि काहीच होत नाही. त्या क्षणी मनात येतं, "सुटत का नाही?" हा विचार पुरा व्हायच्या आत हात उत्तर देऊन मोकळा होतो. तर्जनीच्या जोडीला बाकीची तीन बोटंही मुठीत आवळली जातात, अंगठा दाबतो, मनगट खाली झुकतं. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी खाली आणि डावीकडे जाते ती अशी. रेंजवाले याला "जर्क" म्हणतात.

काही रेंजवर भिंतीला गोल तक्ते लावलेले दिसतात: गोळी इथे पडली तर अमुक चूक, तिथे पडली तर तमुक. त्या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. एका गोळीवरून निदान करायला लागलो की माणूस प्रत्येक गोळीला नवी दुरुस्ती करतो आणि दहा गोळ्या दहा वेगळ्या माणसांनी मारल्यासारख्या दिसतात. पाच-पाच गोळ्यांचा पुंजका बघावा. पुंजका दाट पण बाजूला असेल तर प्रश्न वेगळा, पुंजकाच विखुरलेला असेल तर वेगळा. तुमच्या वर्णनावरून भाचीचा प्रश्न दुसऱ्या जातीचा दिसतो. तसं असेल तर तिनं साइटचे स्क्रू फिरवू नयेत. विखुरलेला पुंजका स्क्रूनं फक्त दुसरीकडे जाऊन विखुरतो.

"पण ती नेम तर नीट धरते," असं तुम्ही म्हणाल. धरत असेलच. पण नेम म्हणजे नेमकं काय, हे .२२वर जास्त कडक परीक्षेला लागतं. पिस्तुलावर मागे खाच असते आणि पुढे माशी. माशी खाचेच्या बरोबर मध्यभागी, दोन्हीकडे सारखा उजेड, वरची कड सपाट एका रेषेत. हे जुळलेलं चित्र काळ्या गोलाच्या खाली धरायचं. आता समजा, हे चित्र छान जुळलेलं आहे, पण हात हलतोय आणि सगळं मिळून लक्ष्यावर दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे तरंगतंय. गोळी किती चुकेल? दोनच सेंटिमीटर. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मि.मी. व्यासाचं असतं, म्हणजे दहाच पडेल. उलट, हात दगडासारखा स्थिर आहे, पण ट्रिगर दाबताना माशी खाचेत फक्त अर्धा मिलिमीटर खाली गेली. या पिस्तुलावर खाच आणि माशी यांतलं अंतर नियमानं जास्तीत जास्त २२० मि.मी. असतं. अर्ध्या मिलिमीटरची चूक पंचवीस मीटरवर जाईपर्यंत जवळजवळ ५७ मि.मी. होते. झाले आठ. एअर पिस्तुलावर साइट जास्त लांबलचक असतात, साधारण ३२० मि.मी. धरा, आणि टार्गेट दहाच मीटरवर. तिथे हीच चूक पंधरा-सोळा मि.मी. होते आणि नऊ पडतात. तेव्हा जी चूक एअर पिस्तुलात नवाच्या आड लपून राहायची, ती .२२नं उघडी पाडली. भाची नव्यानं काही चुकते आहे असं नाही.

म्हणून माझं सांगणं इतकंच, की नवं पिस्तूल डोळ्यानं शिकायचं नसतं, बोटानं शिकायचं असतं. नेम तिला येतो. सुटण्याची वेळ शिकायची आहे.

दुसरा बदल आवाजाचा. लोक धक्क्याला दोष देतात. .२२चा धक्का तसा किरकोळ असतो. आणि एक हिशेब करून पाहा: गोळी नळीत असते ती साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी. माणसाला काही जाणवून हात हलवायला त्याच्या कैक पट वेळ लागतो. म्हणजे धक्का बसला म्हणून हात हलला आणि गोळी चुकली, असं होऊच शकत नाही. तोवर गोळी निघून गेलेली असते. गोळी चुकते ती धक्का बसणार या धास्तीनं हात आधीच हलला म्हणून. ही धास्ती शिकवतो तो आवाज. एअर पिस्तुलाच्या रेंजवर "फट्" एवढंच ऐकू येतं. .२२च्या रेंजवर शेजारच्या चार जागांवर बार उडत असतात, त्यात आपलाही, आणि छपराखाली तो घुमतो. पापणी मिटते, खांदा चोरला जातो. तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत कानात प्लग आणि वरून इअरमफ असं दुहेरी संरक्षण घ्यायला लावा. कानांसाठी ते हवंच, पण नेमासाठीही हवं. डोळ्यांवर चष्मा हवा. रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि ते गरम असतं.

धास्ती आहे की नाही हे ओळखायची एक जुनी आणि अगदी निर्दय रीत आहे. प्रशिक्षक पाठमोरा होऊन पिस्तूल स्वतः भरतो आणि नळी टार्गेटकडे ठेवून हातात देतो. कधी आत काडतूस असतं, कधी चेंबर रिकामं. नेमबाजाला माहीत नसतं. रिकाम्या चेंबरवर नुसतं "टक्" होतं, आणि त्या वेळी नळीचं टोक जर बोटभर खाली गेलं तर दुसऱ्या पुराव्याची गरज राहत नाही. पहिल्यांदा ते पाहिल्यावर मुलं चक्क हसतात, कारण आपण असं करतो यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. भावजींना एकदा त्या वेळी रेंजवर बोलवा.

यावर औषध म्हणजे ड्राय प्रॅक्टिस, गोळीशिवायचा सराव. त्यात खर्च नाही, आवाज नाही, आणि माशी हलली की लगेच दिसते. समोर टार्गेट नको, कोरी पांढरी भिंत हवी. काळा गोल समोर असला की डोळा त्याच्याकडे पळतो आणि "आता बरोबर आलं, आता सोड" अशी घाई करतो. भिंतीवर फक्त माशी बघायची आणि ट्रिगर अशा बेतानं दाबत न्यायचा की तो सुटताना माशी जागची हलू नये. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो: आधी थोडा सैल भाग, मग एक स्पष्ट अडथळा. भाचीनं त्या अडथळ्याशी मैत्री करायला हवी. तिथवर पोचून थांबणं, तिथून पुढे दाब वाढवत नेणं, आणि सुटल्यानंतरही बोट तसंच मागे ठेवून माशीकडे क्षणभर बघत राहणं. हे शेवटचं, म्हणजे फॉलो थ्रू, तिला एअर पिस्तुलातून येत असणार, कारण तिथे छर्रा हळू जातो आणि नळीत जास्त वेळ राहतो. तेवढं जुनं भांडवल इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं.

एक सावधगिरी. .२२चं काडतूस कडेवर ठोकलं जातं, त्यामुळे काही पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबला की फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. स्पर्धेच्या पुष्कळ पिस्तुलांत ड्राय प्रॅक्टिससाठी वेगळी सोय असते. कोणत्या पिस्तुलात काय चालतं हे प्रशिक्षकाला किंवा रेंजच्या आर्मररला विचारल्याशिवाय करू नये.

मग खऱ्या गोळ्या. त्याही आधी टार्गेटच्या उलट्या, कोऱ्या बाजूवर. गुण नाहीत, वर्तुळं नाहीत, फक्त पुंजका. तो दाट व्हायला लागला की मग टार्गेट सुलट करायचं. प्रत्येक शिकणाऱ्याला हे पायरी-पायरीनं जाणं कंटाळवाणं वाटतं, आणि राज्यात गुण मिळवलेल्या मुलीला तर ते अपमानास्पदही वाटेल. तिथे घरच्यांनी थोडं सांभाळून घ्यावं. निदान जेवताना "आज किती पडले?" हा प्रश्न काही महिने विचारू नका.

एवढ्यावर अर्धाच प्रकार झाला. पंचवीस मीटर पिस्तुलात साठ गोळ्यांपैकी पहिल्या तीस प्रिसिजनच्या. पाच गोळ्यांना पाच मिनिटं, म्हणजे एअर पिस्तुलवाल्याला ओळखीचा, निवांत मामला. पुढच्या तीस रॅपिडच्या. हात पंचेचाळीस अंशांत खाली. सात सेकंद लाल दिवा, मग तीन सेकंद हिरवा. त्या तीन सेकंदांत हात उचलायचा, एक गोळी मारायची, पुन्हा हात खाली. असं पाच वेळा. टार्गेटवरची वर्तुळं इथे मोठी असतात, दहाचा व्यास १०० मि.मी., म्हणून सराईत लोकांचे गुण इथे कमी नाही, उलट जास्त पडू शकतात. मनूचे पॅरिसला प्रिसिजनमध्ये २९४ आणि रॅपिडमध्ये २९६ होते.

एअर पिस्तुलातून आलेली मुलं इथे ठरलेली चूक करतात. हात वर आणतात, थांबतात, माशी जुळवतात, समाधान झालं की मग ट्रिगरला हात घालतात. एअर पिस्तुलात हा क्रम शहाणपणाचा होता. इथे तोवर अडीच सेकंद गेलेले असतात आणि उरलेल्या अर्ध्या सेकंदात जे होतं त्याला ट्रिगर दाबणं म्हणत नाहीत. रॅपिडमध्ये हात वर येत असतानाच ट्रिगरचा सैल टप्पा संपवायचा, डोळ्यानं माशी वाटेतच पकडायची, आणि हात स्थिरावतो न स्थिरावतो तोच उरलेला दाब पुरा करायचा. नेम आणि दाब एकामागून एक चालत नाहीत, बरोबरीनं चालतात. म्हणजे जे बोट एरवी डोळ्याच्या हुकमाची वाट बघतं, त्याला आता आपण होऊन निघायला शिकवायचं. मनाला हे फार धाडसाचं वाटतं. ड्राय सरावात प्रशिक्षकानं घड्याळ धरून हिरव्या-लाल दिव्याचे इशारे तोंडानं दिले, तर ते धाडस गोळ्या न जाळता अंगात मुरतं.

मुठीबद्दल थोडं. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ लाकडाची आणि हाताच्या आकाराची असते, पण कारखान्यातून येते ती कुणाच्याच हाताची नसते. भाचीला एक करून पाहायला सांगा. रिकामं पिस्तूल धरायचं, डोळे मिटायचे, हात नेहमीसारखा उचलायचा, मग डोळे उघडायचे. माशी खाचेत बरोबर दिसली तर मूठ तिची झाली. माशी दर वेळी एका बाजूला दिसत असेल तर मनगट वळवून ती मध्ये आणू नये. मनगट वळवलेलं स्नायूंना आठवतं आणि गोळी सुटायच्या वेळी ते सरळ व्हायला बघतात. दुरुस्ती लाकडाची करायची. जिथे टोचतं तिथे कानशीनं घासायचं, जिथे पोकळी राहते तिथे सुतारकामातली लांबी भरायची, सुकली की पॉलिश पेपर मारायचा. एअर पिस्तुलाची मूठ अशीच घडवली असेल, तर नवीन मूठही त्याच धीरानं घडवावी लागेल. हे काम एका बैठकीत होत नाही. घामानं हात फुगतो, थंडीत आकसतो, आणि दोन्हीचा अंदाज यायला वेळ लागतो.

शिकायला उशीर झालाय का, असं तिच्या मनात असेल तर हंगेरीच्या कारोय टाकाचची गोष्ट तिनं ऐकलीच असेल. प्रत्येक रेंजवर कुणीतरी सांगतोच. १९३८मध्ये त्याच्या उजव्या हातात ग्रेनेड फुटला, तो डाव्या हातानं मारायला शिकला आणि त्यानं १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं. ती जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरं दिसतं. त्याचा हात नवा होता, पण पिस्तूल, साइट, वेळेचा अंदाज, दाबाची लय हे सगळं डोक्यात तयार होतं. भाचीचं उलटं आहे. हात जुना आहे, लय नवी आहे. तिला टाकाचइतकं सोसायचं नाही, पण जुनी लय बाजूला ठेवायची आहे, आणि ती जितकी चांगली बसलेली तितकी ती उठायला वेळ घेते. कालपरवा आलेलं पोर .२२वर सुरुवातीला तिच्या पुढे गेलं तर यात आश्चर्य मानू नका.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही, .२२ला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली लागतो. तेव्हा .२२ घरी आणून आरशासमोर सराव हा प्रकार डोक्यातून काढा. क्लबचं पिस्तूल, क्लबची जागा, समोर प्रशिक्षक. नवं पिस्तूल हातात आलं की नेमाच्याही आधी ते रिकामं कसं करायचं हे अंगवळणी पडलं पाहिजे: मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबरमध्ये डोळ्यानं बघणं, आणि झगझगीत रंगाचा सेफ्टी फ्लॅग आत. प्रत्येक पिस्तुलात कळ वेगळ्या जागी असते. ट्रिगर दाबला आणि बार उडाला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून हात वर करायचा आणि अधिकाऱ्याची वाट बघायची. एअर पिस्तुलाच्या सवयीनं मुलं पिस्तूल वळवून "काय झालं" म्हणून बघतात. परकं पिस्तूल धोक्याचं ठरतं ते अशा वेळी.

प्रश्न : पोलीस खात्यात माझी उमेदीची वर्षं रिव्हॉल्व्हरवर गेली. पुढे नऊ मि.मी. पिस्तूल मिळालं आणि वार्षिक गोळीबार सरावात माझे गुण घसरले. शिवाय दर वेळी अंगठ्याजवळची कातडी सोलून निघायची. नव्या भरतीच्या पोरांना मात्र पिस्तूल सोपं आणि रिव्हॉल्व्हर अवघड वाटायचं. मग अवघड नक्की काय? (निवृत्त पोलीस अधिकारी, सातारा)

उत्तर : साहेब, ज्याच्या बोटाला जे आधी कळलं ते सोपं. रिव्हॉल्व्हर घोडा न ओढता थेट मारलं तर एकाच दाबात तीन कामं होतात: चक्र फिरतं, घोडा मागे जातो आणि मग सुटतो. त्यासाठी साधारण चार ते साडेपाच किलोंचा दाब लागतो, आणि हत्यार स्वतः किलोभराचं. म्हणजे हत्याराच्या वजनाच्या चार-पाच पट जोर लावून ते जागचं हलू द्यायचं नाही. तुमच्या बोटानं वर्षानुवर्षं हा लांबलचक, एकसारखा ओढा साधला. पुढे हातात आलं ते ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं असावं, कारण आपल्याकडे इच्छापूरला बनणारं नऊ मि.मी. पिस्तूल त्याच वळणाचं आहे. त्यात स्लाइड मागे जाताना घोडा आपोआप चढतो. बोटाला फक्त तो सोडायचा असतो. तुम्ही सवयीनं लांब ओढा सुरू केला आणि तो अर्ध्यावर असतानाच गोळी निघून गेली. माशी जुळायच्या आधीच बार. पोरांचं उलटं होतं: थोडं दाबून काही होत नाही म्हणून ती रिव्हॉल्व्हरला हिसका देत.

बोट पुढे सोडण्यातही फरक असतो. रिव्हॉल्व्हरवर गोळी सुटल्यावर बोट पूर्ण पुढे जाऊ द्यावं लागतं, नाहीतर पुढचा दाब अर्धवट बसतो आणि चक्र अडतं. पिस्तुलावर थोडंसंच सोडलं की ट्रिगर पुन्हा तयार होतो. तुम्ही दर गोळीला बोट पार पुढे नेत असाल, तर दर वेळी ते ट्रिगरवर नव्यानं, थोडं निराळ्या जागी बसत असणार.

कातडी सोलण्याचं कारण हाय-पॉवर वापरलेल्या कुणालाही विचारा, तो अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी पुढे करेल. या पिस्तुलाचा घोडा स्लाइडबरोबर मागे येताना तिथली कातडी चिमटीत पकडतो. ज्यांचा हात मांसल त्यांना जास्त. रिव्हॉल्व्हरवर हात जितका वर धराल तितका धक्का सरळ बसतो आणि ते चांगलं. तीच उंच पकड तुम्ही पिस्तुलावर नेली. हात केसभर खाली घेतला की प्रश्न सुटतो. उलट दिशेनं जाणाऱ्यानं याहून मोठी काळजी घ्यावी. रिव्हॉल्व्हरच्या चक्राच्या आणि नळीच्या मधे बारीक फट असते, तिथून दर गोळीला तापलेला वायू बाजूला फेकला जातो. पिस्तुलाच्या सवयीनं दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा बोट पुढे सरकवून तिथे ठेवलं तर भाजतं.

रिव्हॉल्व्हरबद्दल एक गंमत तुम्ही पाहिली असेल, आणि ती इथे सांगायला हवी, कारण वर कुठेतरी मी म्हटलं, की धक्क्यानं गोळी चुकत नाही. जड आणि हळू जाणारी गोळी नळीत किंचित जास्त राहते, तेवढ्यात नळी थोडी वर उचलली जाते, म्हणून त्याच रिव्हॉल्व्हरमधून जड गोळी हलक्या गोळीपेक्षा वर लागते. पण हे उचलणं दर वेळी सारखंच असतं आणि साइट त्याचा हिशेब धरूनच बसवलेली असते. हाताच्या धास्तीचा हिशेब कुठल्याच साइटला धरता येत नाही.

तुमच्यासारख्या जुन्या हातांनी क्लबात पुन्हा सुरुवात केली तर ड्राय सरावात माशीच्या मागे, नळीच्या वरच्या सपाट पट्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवून ट्रिगर दाबून बघा. नाणं पडू न देता घोडा पडायला हवा. रिव्हॉल्व्हरवर तुमचं पडणार नाही, याची मला खात्री आहे. पिस्तुलावर पडेल.

प्रश्न : पॅरिसमध्ये तुर्कस्तानचे युसुफ दिकेच एक हात खिशात घालून पिस्तूल मारत होते, त्याचे फोटो सगळीकडे फिरले. ती ऐट होती का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : नाही. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत हत्यार एकाच हातानं धरायचं असा नियमच आहे. मोकळा हात लोंबकळत राहिला तर तो नकळत हलतो आणि त्याच्याबरोबर खांदा हलतो. म्हणून तो खिशात घालतात किंवा पट्ट्यात अंगठा अडकवतात. जवळजवळ सगळेच नेमबाज असं करतात. दिकेच यांच्याकडे लक्ष गेलं ते डोळ्यांवर नेमबाजीची खास उपकरणं न चढवता साध्या चष्म्यानं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मारत होते म्हणून. त्यांना आणि शेव्वल इलायदा तारहान यांना मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य मिळालं; सुवर्ण सर्बियाच्या झोराना अरुनोविच आणि दामिर मिकेच यांनी नेलं.

दोन्ही डोळे उघडे ठेवणं खरोखरच चांगलं. एक डोळा मिटून धरला की चेहऱ्याचे स्नायू आवळले जातात आणि उघडा डोळाही लवकर दमतो. पण दोन्ही डोळे उघडे ठेवल्यावर काहींना दोन माश्या दिसतात. अशांनी नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर छोटी पट्टी लावावी. नियमात ती ३० मि.मी. रुंदीपर्यंत चालते, आणि ती काळी असण्यापेक्षा दुधी असलेली बरी, म्हणजे दोन्ही डोळ्यांत सारखा उजेड जातो.